कर्वे म्हणजे नेमके कोणते कर्वे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात ‘कर्वे’ हे नाव रस्त्यांवर, वसाहतीवर, शिक्षणसंस्थांवर, एका शब्दकोशावर आणि एका सरकारी समितीच्या अहवालावरही आढळते. मात्र या नावांमागे उभी असलेली माणसे वेगवेगळी आहेत. त्यांपैकी काही एका घरातली आहेत, तर काहींचा त्या घराशी आडनावापलीकडे संबंध जोडण्याचे कारण नाही. विद्यार्थी, स्पर्धापरीक्षांची तयारी करणारे उमेदवार आणि पुण्यात नव्याने राहायला आलेले लोक या नावाबद्दल जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

पुण्यातला कर्वे रस्ता कोणत्या कर्व्यांच्या नावाने ओळखला जातो?

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या नावाने. डेक्कन जिमखान्याकडून गरवारे महाविद्यालय, नळस्टॉप आणि पौड फाटा असे टप्पे घेत हा रस्ता कोथरूडमध्ये जातो. तेथे ज्या चौकात महर्षींचा पुतळा आहे, तो चौक ‘कर्वे पुतळा’ याच नावाने ओळखला जातो. पुण्याच्या मेट्रोची एक मार्गिका या रस्त्याच्या काही भागावरून जाते आणि नळस्टॉप स्थानक याच रस्त्यावर आहे.

या रस्त्याला त्यांचे नाव असण्यात एक विशेष औचित्य आहे. विधवा मुलींसाठी काढलेला आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला हलवल्यानंतर धोंडोपंत फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे तास संपवून तिकडे पायी जात असत. त्या काळी ही वाट शेतांमधली होती आणि पावसाळ्यात चिखलातून चालावे लागे. आश्रमाला लागणारे सामानसुमानही पुष्कळदा त्यांच्याच हातात असे. ज्या दिशेने ते वर्षानुवर्षे चालत गेले, त्या दिशेला जाणारा हमरस्ता आज त्यांचे नाव सांगतो.

महर्षी कर्वे यांचे मूळ गाव मुरुड. मग ते जंजिऱ्याचे मुरुड का?

नाही, आणि ही चूक फार ठिकाणी छापली गेली आहे. जंजिऱ्याच्या किल्ल्याजवळचे मुरुड रायगड जिल्ह्यात आहे. महर्षींचे मुरुड रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात, हर्णैजवळ आहे. त्यांचा जन्म मात्र 18 एप्रिल 1858 रोजी त्याच जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या शेरवली येथे झाला आणि बालपण मुरुडला गेले. तेथूनच ते एका परीक्षेसाठी डोंगरघाट ओलांडून साताऱ्याला पायी गेले होते. अंगकाठी लहान असल्याने वय पुरेसे नसावे असे समजून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही, आणि तशीच पायपीट करून त्यांना परत यावे लागले. 1893 मध्ये त्यांनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा याच मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. तेच गाव आज त्यांचे नाव अभिमानाने सांगते. गावाची ही दोन्ही रूपे एकत्र सांगितल्याशिवाय त्या विवाहाला किती धैर्य लागले असेल, हे नव्या वाचकाला कळत नाही.

कर्वेनगर हे आधीपासूनच त्या नावाचे गाव होते का?

नाही. आजचे कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. 1896 मध्ये पुण्यात सुरू झालेला अनाथ बालिकाश्रम 1900 मध्ये येथे आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जमिनीवर पहिली झोपडी उभी राहिली आणि त्या झोपडीतून पुढे मुलींच्या शाळा, वसतिगृहे आणि महाविद्यालये वाढत गेली. संस्थेने ती झोपडी जतन केली आहे. कर्वेनगरात जाणाऱ्या प्रत्येकाने ती पाहावी, असे आम्ही मनापासून सुचवतो.

कर्वे रस्ता आणि कर्वेनगर या दोन्ही नावांचा अर्थ एकच धरून अनेक जण पत्ता चुकतात. कर्वे रस्त्याचा बराचसा भाग एरंडवणे आणि कोथरूड या भागांतून जातो, तर कर्वेनगर ही त्यापुढची स्वतंत्र वस्ती आहे. पत्रावर केवळ ‘कर्वे, पुणे’ असे लिहून भागत नाही.

मुंबईतला महर्षी कर्वे मार्गही त्यांच्याच नावाने आहे का? तेथे त्यांचे काय काम होते?

होय, तोही धोंडो केशव कर्वे यांच्याच नावाने आहे. पश्चिम रेल्वेच्या रुळांना लागून चर्चगेटपासून मरीन लाइन्समार्गे चर्नी रोडकडे जाणाऱ्या या रस्त्याचे जुने नाव क्वीन्स रोड होते. धोंडोपंतांचे मुंबईशी नाते विद्यार्थिदशेपासूनचे आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून त्यांनी 1884 मध्ये गणित घेऊन पदवी मिळवली आणि 1891 मध्ये फर्ग्युसनला जाण्यापूर्वी ते मुंबईतच शिकवत होते. त्यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे मुख्यालयही 1936 मध्ये पुण्याहून मुंबईत आले. ते ज्या नाथीबाई ठाकरसी मार्गावर आहे, तो महर्षी कर्वे मार्गापासून जवळच आहे. संस्थापक आणि ज्यांचे नाव विद्यापीठाला मिळाले त्या नाथीबाई, दोघांचीही नावे अशी एकाच परिसरात वाचायला मिळतात.

महिला विद्यापीठ कर्व्यांनी स्थापन केले, तर त्याला त्यांचे नाव का नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागते.

जपानमधील महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका धोंडोपंतांच्या हाती आली होती. 1915 मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी भारतातही स्त्रियांचे स्वतंत्र विद्यापीठ असावे, ही कल्पना अध्यक्षीय भाषणात मांडली. मातृभाषेतून शिक्षण आणि स्त्रियांच्या जीवनाशी जुळणारा अभ्यासक्रम हे त्या कल्पनेचे दोन मुख्य धागे होते. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1916 मध्ये, विद्यापीठ सुरू झाले. त्याच्या मागे सरकारी मान्यता नव्हती आणि मोठा निधीही नव्हता. धोंडोपंत गावोगावी फिरून थोडीथोडी वर्गणी गोळा करत असत आणि एक आण्यासारखी रक्कमही आदराने स्वीकारत असत.

1920 मध्ये मुंबईतील उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला मिळाले. तेव्हापासून ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, म्हणजेच बोलण्यातले ‘एसएनडीटी’, झाले. त्या काळी 15 लाख ही रक्कम संस्थेचे भवितव्य बदलून टाकणारी होती. स्वतःच्या नावाचा आग्रह धरणे धोंडोपंतांच्या स्वभावातच नव्हते, हे त्यांच्या साऱ्या आयुष्यावरून दिसते. स्त्रियांच्या विद्यापीठाला एका स्त्रीचे नाव लाभले, ही गोष्टही आमच्या मते फार मोलाची आहे. विद्यापीठाचा पुण्यातील परिसर मात्र महर्षी कर्वे विद्याविहार या नावाने ओळखला जातो आणि तो कर्वे रस्त्यावरच आहे.

महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था आणि कर्वे समाजसेवा संस्था एकच आहेत का?

नाहीत. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था म्हणजे हिंगण्याची मूळ संस्था. ती पूर्वी ‘हिंगणे स्त्री शिक्षण संस्था’ या नावाने ओळखली जात असे. मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय याच संस्थेने 1991 मध्ये सुरू केले. कर्वे समाजसेवा संस्था कोथरूडला असून ती 1963 पासून समाजकार्याचे शिक्षण देते. दोन्ही संस्थांच्या नावात स्मरण एकाच व्यक्तीचे आहे.

‘बाया कर्वे’ या कोण? त्यांच्या नावाने काय आहे?

बाया म्हणजे आनंदीबाई कर्वे, धोंडोपंतांच्या दुसऱ्या पत्नी. त्यांचे माहेरचे नाव गोदूबाई जोशी. धोंडोपंतांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या त्या भगिनी. अगदी लहान वयात विवाह आणि लगोलग वैधव्य त्यांच्या वाट्याला आले. पुढे पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तेथे दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी त्याच होत्या. धोंडोपंतांच्या पहिल्या पत्नी राधाबाई 1891 मध्ये निवर्तल्या. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, हा त्यांचा निश्चय होता. त्यानुसार 11 मार्च 1893 रोजी पुण्यात हा विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

पतीचा पगार आणि शिल्लक आश्रमाकडे वळत असताना चार मुलांचा संसार बायांनी सांभाळला. त्याच काळात समाजाकडून होणारे अपमानही त्यांनी सोसले. ‘माझे पुराण’ हे त्यांचे आत्मचरित्र 1944 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचे संपादन सून कावेरीबाई कर्वे यांनी केले. महर्षींचे चरित्र वाचणाऱ्याने हे पुस्तक जोडीने वाचले नाही, तर त्या कार्याची किंमत घरात कोणी मोजली, हे त्याला समजणारच नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठीचे संस्थेचे वसतिगृह आणि संस्थेतर्फे दिला जाणारा एक पुरस्कार यांना बायांचे नाव आहे. त्यांच्या कार्याच्या मानाने हे स्मरण थोडे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संततिनियमनाचे काम करणारे कर्वे आणि महर्षी कर्वे एकच का?

नाहीत. ते काम महर्षींचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांचे आहे. गल्लत होण्याचे एक कारण असे की, वडील आणि मुलगा दोघेही गणिताचे प्राध्यापक होते.

रघुनाथराव हे राधाबाईंचे पुत्र. त्यांचा जन्म 14 जानेवारी 1882 रोजी झाला. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि ते देशातील अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. या कामामुळे त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै 1927 पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. लैंगिक आरोग्य, गुप्तरोग, संततिनियमन आणि स्त्रीचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क या विषयांवर ते मराठीत स्वच्छ, शास्त्रीय भाषेत लिहीत राहिले. मासिकातील मजकुरावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. खटल्याचा निकाल विरुद्ध गेला, तरी लैंगिक प्रश्नांवर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका बाबासाहेबांनी न्यायालयात उघडपणे मांडली. पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या बरोबरीच्या सहकारी होत्या. मूल होऊ न देण्याचा निर्णय दोघांनी मिळून घेतला आणि त्यासाठीची शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. 14 ऑक्टोबर 1953 रोजी त्यांचे निधन झाले. मासिक तोवर सुरूच होते.

‘कर्वे’ म्हटल्यावर सर्वसामान्य माणसाला आधी वडील आठवतात. त्यामुळे मराठीत रघुनाथरावांची ओळख ‘र. धों.’ या दोन अक्षरांनीच दिली जाते. सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम देशात सुरू होण्याच्या तीस वर्षे आधी ज्याने हे काम स्वतःच्या खिशातून केले, त्याचे नाव प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले जायला हवे.

‘अण्णा कर्वे यांना फाशी झाली’ असे एका ठिकाणी वाचले. हे खरे आहे का?

वाक्य खरे आहे, पण माणूस वेगळा आहे. महर्षींना घरी-दारी अण्णा म्हणत असत. नाशिकच्या क्रांतिकारक गटातील कृष्णाजी गोपाळ कर्वे हेही अण्णा याच नावाने परिचित होते. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन याच्यावर अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. त्या खटल्यात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. महर्षी कर्वे त्या काळात हिंगण्याच्या कामात गढलेले होते आणि पुढे 104 वर्षांचे आयुष्य जगून 9 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यात निवर्तले.

तिघांतले कान्हेरे यांचे नाव सर्वांच्या ओठांवर आहे. सोबतच्या दोघांची नावे मात्र पुष्कळदा ‘आणि इतर’ या शब्दांत बुडून जातात. हुतात्म्यांची पूर्ण नावे घेण्याइतकी जागा प्रत्येक लेखात असायलाच हवी.

इरावती कर्वे महर्षींच्या कन्या होत्या का?

सून होत्या. महर्षींचे पुत्र दिनकर धोंडो कर्वे हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी म्हणजे इरावतीबाई. माहेरच्या त्या करमरकर. जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशात, मिंजान येथे झाला आणि त्या देशातील इरावती नदीचे नाव त्यांना ठेवण्यात आले. कर्वे घराण्याच्या नावाने अनेक गोष्टी ओळखल्या जातात, पण या घरातली ही व्यक्ती स्वतःच एका नदीच्या नावाने ओळखली गेली.

बर्लिनहून 1930 मध्ये डॉक्टरेट घेऊन आलेल्या इरावतीबाईंनी 1939 पासून डेक्कन महाविद्यालयात समाजशास्त्र आणि मानवशास्त्र या विषयांचे अध्यापन व संशोधन केले. भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1953 मध्ये आला. महाभारतातील व्यक्तींचा मागोवा घेणाऱ्या ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागातील संग्रहालयाला त्यांचे नाव आहे.

एकाच आडनावाच्या अनेक नामवंतांमध्ये एका स्त्रीची ओळख कशी दिली जाते, हे त्यांनी ‘परिपूर्ती’ या लेखात लिहून ठेवले आहे. एका समारंभात त्यांची ओळख अमक्यांची मुलगी, महर्षींची सून, प्राचार्यांची पत्नी अशी करून दिली जाते. तरीही त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत राहते. परतताना रस्त्यावर खेळणारी मुले त्यांना आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई म्हणून ओळखतात, तेव्हा ती ओळख पुरी होते. ज्याला आडनाव या विषयात खरोखर रस आहे, त्याने हा लेख चुकवू नये.

‘दाते-कर्वे कोश’ म्हणतात त्यातले कर्वे कोणते?

चिंतामण गणेश कर्वे. यशवंत रामकृष्ण दाते यांच्यासह संपादक मंडळात काम करून त्यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला. 1932 ते 1938 या काळात त्याचे सात विभाग निघाले आणि 1950 मध्ये पुरवणी विभाग आला. बोलीभाषांतले शब्द, जुन्या बखरींतले शब्द, बलुतेदारांच्या धंद्यांतले शब्द असे सारे त्यात आहे. वाक्संप्रदायांचा कोशही याच जोडीने केला. मराठीत गंभीरपणे लिहिणाऱ्या कोणाचेही काम आजही या कोशांशिवाय चालत नाही. चिं. गं.च्या नावाचा मोठा रस्ता नसेल, पण अभ्यासक एखादा शब्द अडला की ‘दाते-कर्वे पाहा’ म्हणतात, आणि कोशकाराला याहून योग्य स्मारक कोणते असणार!

स्पर्धापरीक्षेत येणारी ‘कर्वे समिती’ कोणती?

1955 ची ग्रामोद्योग आणि लघुउद्योग समिती. तिचे अध्यक्ष अर्थतज्ज्ञ दत्तात्रेय गोपाळ कर्वे होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत छोट्या उद्योगांना कोणते स्थान असावे, याचा विचार तिने केला. उमेदवार पर्यायांमध्ये ‘धोंडो केशव’ हे नाव पाहून फसतात. हे द. गो. कर्वे पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1962 ते 1964 या काळात ते रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर होते.

त्यांचे आणखी एक मोठे काम भारतात फारसे सांगितले जात नाही. आंतरराष्ट्रीय सहकारी संघटनेने सहकाराची तत्त्वे नव्याने मांडण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष होते आणि त्या आयोगाने सुचवलेली तत्त्वे 1966 मध्ये स्वीकारली गेली. साखर कारखाने, दूध संघ आणि पतसंस्था यांच्या महाराष्ट्रात तरी ही गोष्ट प्रत्येक सहकारी प्रशिक्षणात सांगितली जावी.

नुसत्या आद्याक्षरांवरून माणूस ओळखता येतो का?

बऱ्याच अंशी येतो, कारण मधले अक्षर वडिलांच्या नावाचे असते. धों. के. म्हणजे महर्षी, र. धों. आणि दि. धों. त्यांचे पुत्र. शंकर आणि भास्कर हेही त्यांचेच पुत्र असून शंकरराव आफ्रिकेत मोंबासा येथे डॉक्टर होते. मात्र कृ. गो. आणि द. गो. यांच्या नावांत ‘गो.’ समान आहे, एवढ्यावरून त्यांना भाऊ ठरवू नये.

महर्षींच्या नावाचे टपाल तिकीट त्यांच्या मृत्यूनंतर निघाले का?

नाही, ते हयात असतानाच निघाले. 18 एप्रिल 1958 रोजी त्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली आणि त्या निमित्ताने टपाल खात्याने तिकीट काढले. हयातीत भारतीय तिकिटावर चित्र येणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. पद्मविभूषण त्यापूर्वी 1955 मध्येच मिळाले होते.

कराडजवळच्या कार्वे गावाला महर्षींचे नाव दिले आहे का?

नाही. सातारा जिल्ह्यातील त्या गावाचे नाव ‘कार्वे’ असे, पहिल्या अक्षराला काना देऊन लिहितात. ते जुने ग्रामनाम असून त्याचा या आडनावाच्या कोणत्याही नामवंत व्यक्तीशी संबंध नाही. नकाशावर शोध घेताना मात्र इंग्रजी स्पेलिंग सारखेच येते, म्हणून तालुका पाहून खात्री करावी.